गारव्याची विद्या

कृष्णाकाठच्या आमच्या गावात दिवाळी सरली की गुऱ्हाळं लागायची. शाळा सुटली की घरात दप्तर टाकून आम्ही पोरं थेट तिकडं पळायचो. चुलवाणात चिपाडं ढकलली जात असायची, काहिलीत रस खदखदत असायचा आणि गुळव्या काही न बोलता काहिलीभोवती फिरत असायचा. ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी रसात पडलं की थोड्या वेळात सगळी घाण गोळा होऊन वर यायची. ती मळी झाऱ्यानं काढली की खालचा रस नितळ दिसायचा. गुळव्या मधूनच थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा आणि एका क्षणी हात वर करायचा. मग धांदल उडायची. काहील उतरायची, पाक वाफ्यात ओतला जायचा आणि तो निवेपर्यंत गुळव्या तिथून हलायचा नाही. किती घोटायचं, कधी थांबायचं, ढेप कधी घालायची, सगळं त्या निवण्यावर ठरायचं.

पुढं सांगलीत तीसेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि लेकीकडे मेलबर्नला गेले. तिथं एका परसात मला हेच सगळं पुन्हा दिसलं. गॅसच्या शेगडीवर पस्तीस लिटरचं पातेलं होतं. त्यात मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा उकळत होता. वर फेस येत होता, मळी धरत होती, ती झाऱ्यानं निघत होती. शेवटी त्यात वाळक्या समुद्री शेवाळाची चिमूट पडली. काम तेच, रानभेंडीचं. पातेल्याशेजारी माझा जुना विद्यार्थी उभा होता. तासगाव तालुक्यातल्या एका वाडीतला हा मुलगा आधी आपल्याकडच्या दूध शीतकरण केंद्रात होता, मग पुण्यात परवानाधारक ब्रुअरीत, आणि आता तिकडं. तिथं घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. त्यानं गॅस बंद केला आणि म्हणाला, “मॅडम, उकळणं कुणालाही जमतं. आता हे निववायचं, ते बघा.”

हे पुस्तक त्याचं आहे. त्याची प्रस्तावना लिहायचं मी त्याच परसात कबूल केलं.

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो याबाबत स्पष्ट आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा शाबूत राहिला. तेव्हा इस्लामपूर, वाई किंवा मिरजेतल्या स्वयंपाकघरात या पुस्तकातली बिअर करू नये. जिथं परवानगी आहे तिथं राहणारे मराठी लोक, परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणारी किंवा करू पाहणारी मुलंमुली, अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी, आणि आपल्या धान्याचं काय काय होऊ शकतं हे जाणून घ्यायची ज्यांना ओढ आहे असे वाचक, यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ज्याला इथंच हात चालवायचा आहे त्याच्यासाठी पहिल्या भागात नाचणीचं सत्त्व, आंबील आणि माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पेय आहे. ते करून पाहायला कुणाचा परवाना लागत नाही.

दुसरी गोष्ट मनातली आहे. मी ज्या गावात वाढले तिथं हातभट्टीनं घरं बसलेली मी पाहिली आहेत. दारूबंदीच्या मतदानात बायकांनी रांगा लावून ‘आडवी बाटली’वर शिक्का मारला, त्या रांगांबद्दल मला आदर आहे. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना १८८० साली त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लिहिलं होतं. ही परंपरा आपली आहे, ती विसरून बिअरवर पुस्तक लिहिता येत नाही आणि लिहू नये. पण हातभट्टीनं माणसं मेली ती धान्य आंबवल्यामुळे नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती दारूत कारखान्याचं मिथाइल अल्कोहोल मिसळल्यामुळे. सातू, पाणी, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट यांपासून केलेल्या बिअरमध्ये ते विष घातक प्रमाणात तयार होत नाही. या पुस्तकात गाळपाला, म्हणजे भट्टी लावून दारू उतरवण्याला, एक ओळही दिलेली नाही. ती अट मी घातली होती आणि लेखकानं ती दोन्ही हातांनी मान्य केली.

आंबवणं आपल्याला नवं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार त्यात सांगितले आहेत आणि आंबवणाचं बीज असलेल्या ‘किण्वा’ची कृतीही आहे. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे, आणि उत्सव, मेळे, यात्रा असताना चार दिवसांची मोकळीक आहे. म्हणजे घरी किती, कधी आणि कुणी करावं हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यालाही पडला होता, आणि त्यानं उत्तर मोजून मापून दिलं होतं. वैद्यांच्या आसव-अरिष्टांत ही विद्या आजही चालू आहे. द्राक्षासवाच्या बरणीत धायटीची लाल फुलं पडतात, त्या फुलांबरोबर यीस्ट येतं आणि औषध स्वतःच आंबतं. साताऱ्याच्या डोंगरउतारांवर धायटी फुलते तेव्हा मला नेहमी ती बरणी आठवते.

आणि नाचणी. रात्रभर भिजवायची, पंच्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, दळायची. बाळाला सत्त्व का देतात, असं मी दरवर्षी वर्गात विचारायचे. पचायला हलकं म्हणून, असं उत्तर यायचं. ते बरोबर आहे, पण ते हलकं का? मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिठूळ भाग तोडून साखर करतं. म्हणून मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते आणि किंचित गोड लागते. बिअरचा पाया हाच. फरक इतकाच की तिथं मोडाचं भरड धान्य ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवतात, विकराला पूर्ण वेळ देतात, आणि मग गोड काढा चोथ्यापासून गाळून घेतात. या काढ्याला इंग्रजीत वॉर्ट म्हणतात. लेखकानं पुस्तकभर ‘काढा’च म्हटलं आहे आणि मला ते पटलं.

युरोपचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो इतरत्र सहज मिळतो. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघालं की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. १५५३ मध्ये तिथंच दुसरा हुकूम झाला: उन्हाळ्यात बिअर करायची नाही, सप्टेंबरअखेर ते एप्रिल एवढ्याच काळात करायची. उन्हाळ्यात बिअर नासते हे कळलं होतं, का नासते ते कळलं नव्हतं. पण त्या हुकमानं नकळत एक निवड झाली. थंडीत काम करणारं यीस्टच पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावी योझेफ ग्रोल या बव्हेरियन माणसानं सोनेरी, नितळ बिअर केली. आज जगात खपणाऱ्या बहुतेक बाटल्या तिच्या नात्यातल्या आहेत. मग पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ मध्ये आला. लिंडेची शीतयंत्रं त्याच दशकात ब्रुअरींत बसली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेननं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. नासण्याचं कारण आणि नासू न देण्याचं साधन दोन्ही एकाच पिढीत हाती आली. थंडीत काम करणाऱ्या त्या यीस्टचं अर्धं मूळ मात्र आपल्या काळापर्यंत गूढ होतं. ते दोन जातींचं संकर आहे. त्यातली एक नेहमीच्या पाव आणि वाइनच्या यीस्टची, आणि दुसरी २०११ मध्ये अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या जंगलात सापडली.

घरी बिअर करण्याची आजची चळवळ याहून खूप तरुण आहे. ब्रिटननं घरगुती बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं एका घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांपर्यंत, स्वतःपुरती करायची मोकळीक मिळाली. १९८४ मध्ये चार्ली पपेझियन यांचं पुस्तक आलं आणि एक पिढी त्यावर शिकली. पुढं या छंदात घराणी पडली, गाण्यात पडतात तशी. कुणी तयार माल्टचा दाट पाक विरघळवून सुरुवात करतो. त्यात वेळ वाचतो, पण स्वयंपाकीण तयार मसाल्याचं पाकीट फोडते तितकाच स्वतःचा हात लागतो. कुणी अख्खं धान्य भरडून सगळं पहिल्यापासून करतो. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी धान्य मोठ्या कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात काम भागवण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे चक्का टांगायला पंचा असतो, त्यामुळे ही रीत मराठी माणसाला सांगावी लागत नाही. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी क्वाइक नावाचं यीस्ट लाकडाच्या कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. ते ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतं. सांगलीचा एप्रिल ज्यानं सोसला आहे त्याला या यीस्टबद्दल ऐकून भरून येईल. आणि जर्मन रीत, म्हणजे लागर. सगळ्यांत हट्टी, सगळ्यांत संथ, आणि थंडीशिवाय एक पाऊल न चालणारी. लेखकाचा जीव हिच्यावर जडला आहे. माझाही.

उपकरणांची भीती बाळगू नये. स्टीलचं मोठं पातेलं, दुधाची कॅन, पंचा, तापमापक, आणि घनता मोजायचा हायड्रोमीटर. हायड्रोमीटर म्हणजे दुधात पाणी पाहायच्या लॅक्टोमीटरचा भाऊच. काढा १.०४८ वर असला आणि आंबून १.०१० वर उतरला तर सुमारे पाच टक्के अल्कोहोल झालं, हे त्यावरून कळतं. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला. पलूसजवळ किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रं होतात आणि पाणी उपसणारे पंप तिथून गावोगाव गेले. काच आणि पंप जिथं घरच्या बोलीत आले, त्या मुलखातल्या माणसाला नळी, झडप आणि बुडबुडा यांचं शास्त्र परकं वाटायला नको.

आता निववण्याकडे येते. या पुस्तकाचा जीव तिथं आहे आणि इतर भाषांतल्या पुस्तकांत आपली अडचण ध्यानात घेतलेली नसते.

काढा तासभर उकळतो तेव्हा तो निर्जंतुक असतो, हॉप्सचा कडूपणा त्यात उतरतो आणि फिकट माल्टमधला एक नकोसा गंध वाफेबरोबर निघून जातो. गॅस बंद केला की घड्याळ सुरू होतं. काढा ८० अंशांच्या वर रेंगाळला तर तो गंध पुन्हा तयार होत राहतो, आणि आता तो घालवायला वाफ नसते. बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. साठ ते तीस अंशांचा टप्पा जंतूंचा लाडका. गोड, कोमट, उघडा काढा म्हणजे त्यांना जेवणाचं आमंत्रण. शिवाय झपाट्यानं निववलं तर प्रथिनांचे पुंजके खाली बसतात आणि बिअर नितळ होते. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं काढ्यात सोडतात आणि त्यातून गार पाणी खेळवतात. फ्रीज-एसी दुरुस्तीच्या दुकानात जी तांब्याची नळी मिळते तीच. बर्लिनमध्ये नळाचं पाणी दहा-बारा अंशांवर असतं, वीस मिनिटांत काम झालं. सांगलीत बोअरचं पाणी बारा महिने सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतं. नळीतून ते कितीही खेळवा, काढा तिशीच्या खाली यायला तयार होत नाही. लागरच्या यीस्टला हवेत बारा अंश.

मग बर्फ. इथं लेखकानं जो हिशेब मांडला आहे तो मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दिला असता. वीस लिटर काढा शंभरावरून बारा अंशांवर नुसत्या बर्फानं आणायचा तर सुमारे वीस किलो बर्फ लागतो, जितका काढा तितकाच. पण आधी बोअरच्या पाण्यानं पस्तिशीपर्यंत आणला आणि मग ते पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं, किंवा बर्फातून गार झालेलं पाणी छोट्या पंपानं नळीतून फिरवलं, तर पाचेक किलोंत भागतं. दोन टप्पे केले की बर्फ चौथाईवर येतो. हे त्याला पुस्तकातून कळलं नाही. दूध शीतकरण केंद्रात पाट्यांच्या शीतकातून एका अंगानं गरम दूध आणि दुसऱ्या अंगानं गार पाणी जाताना त्यानं रोज पाहिलं होतं. भिलवडी, इस्लामपूर, कराड या टापूत गावोगावच्या संकलन केंद्रावर दूध चार अंशांवर आणून ठेवतात. सकाळी सातला कॅन खाली ठेवणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक असतं की तासभर उशीर झाला तर दूध फाटतं. निववण्याची घाई काय असते हे या मुलखाला शिकवायला नको.

पाण्याचं मात्र वेगळं बोलायला हवं. वीस लिटर काढा निववताना नळीतून ऐंशी-शंभर लिटर पाणी वाहून जातं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांनी टँकरची वाट पाहिली आहे. तिथं जन्मलेल्या माणसाला हे पाणी गटारीत जाताना पाहवत नाही. लेखक ते पाणी पिंपात धरतो. पहिलं कढत असतं ते भांड्यांना, नंतरचं झाडांना. त्याहून चांगला मार्ग ऑस्ट्रेलियातल्या दुष्काळानं रूढ केला. उकळता काढा थेट जाड प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं आणि कॅन रात्रभर आपोआप निवू द्यायचा. भरताना काढा इतका तापलेला असतो की कॅन आतून निर्जंतुक होतो. पाण्याचा थेंब लागत नाही. नितळपणा थोडा कमी पडतो, हॉप्सचा कडूपणा थोडा वाढतो, हे मान्य. पण कोरडवाहू मुलखातल्या माणसानं जर्मन पुस्तकापेक्षा या रीतीकडे आधी पाहावं असं माझं ठाम मत आहे.

निववलेल्या काढ्यात विरजण पडतं. यीस्टला विरजण म्हणायला माझे काही सहकारी नाखूश होते, कारण विरजणात जिवाणू असतात आणि यीस्ट ही बुरशी. त्यांचं शास्त्र बरोबर आहे, पण गृहिणीच्या हाताला जे कळतं ते त्या शब्दात आहे. विरजण थोडं पडलं, थंडीत पडलं, शिळं पडलं की दही लागत नाही. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं म्हणून संथ असतं, म्हणून इतर बिअरच्या दुपटीनं घालावं लागतं. दहा ते बारा अंशांवर दहा-चौदा दिवस. या काळात काढा स्वतःच उष्णता सोडतो. भोवतालची हवा बारा अंश असली तरी भांड्याच्या पोटात तीन-चार अंश जास्त असतात. म्हणून तापमापक भांड्याला चिकटवायचा, फ्रीजच्या दाराला नव्हे. जुना फ्रीज आणि त्याला जोडलेला तापमान-नियंत्रक एवढ्यावर हे जमतं.

मेलबर्नमध्ये मी स्वतः केलेली पहिली लागर बिघडली ती इथंच. बुडबुडे थांबले, मला वाटलं झालं, आणि मी भांडं थेट शून्याजवळ नेलं. सहा आठवड्यांनी ग्लास नाकाशी नेला तर ताज्या लोण्याचा वास. डायअसिटाइल. आयुष्यभर मी हे रसायन शिकवलं होतं. घुसळलेल्या लोण्याला सुगंध देतं ते हेच. लोण्यात ते हवं, लागरमध्ये नको. यीस्ट आंबवताना ते बाहेर टाकतं आणि शेवटी परत गिळतं, पण गिळण्यासाठी त्याला थोडी ऊब लागते. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस भांडं सोळा ते अठरा अंशांवर आणायचं, आणि मगच खाली न्यायचं. मी ती ऊब दिली नव्हती. शिकवणं आणि करणं यांतलं अंतर मला त्या वासानं दाखवलं. लेखकाच्या मजकुरात या दोन दिवसांसाठी जी जागा दिली आहे, ती त्यानंतर माझ्याच सांगण्यावरून वाढवली.

त्यापुढं नुसतं थांबायचं. एक-दोन अंशांवर चार ते सहा आठवडे. जर्मन भाषेत लागर म्हणजे साठवण, कोठार. हा शब्द मला पहिल्यांदा समजला तो हरिपुरामुळे. सांगलीच्या अंगाला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची, आत माणूस उतरेल एवढी. वर्षानुवर्षं हळद त्यात कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ बुडाली आणि साठवण शीतगृहांकडे गेली. माझे वडील एकदा मला पेव उघडताना पाहायला घेऊन गेले होते. झाकण काढल्यावर लगेच कुणी उतरलं नाही. दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. तो हातभर उतरला आणि विझला. परत वर घेतला, थांबले, पुन्हा सोडला. आत हवा नाही, जड वायू भरला आहे, हे त्या विझलेल्या ज्योतीनं सांगितलं. तोच वायू आंबवणाच्या भांड्यातून बुडबुड्यांनी बाहेर येतो, हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत खाली साचतो. बंद कोठीत मोठं भांडं आंबत ठेवणाऱ्यानं तो कंदील लक्षात ठेवावा. महाबळेश्वरात वेण्णा तळ्याच्या काठी हिवाळ्यातल्या काही पहाटे दव गोठतं. त्या पहाटे तिथं उभं राहून मी नेहमी मनात म्हणते, लागरची कोठारं अशाच हवेसाठी खणली गेली.

धान्याचा विषय मोठा आहे आणि अजून अर्धा न चाखलेला आहे. सातू आपल्याकडे फार पिकत नाही, माल्ट उत्तरेतून येतो. हॉप्स बहुतेक परदेशातून. पण कृष्णाकाठचा खपली गहू? इजिप्त आणि मेसोपोटेमियात ज्या गव्हाची बिअर व्हायची तो हाच, साल न सोडणारा. ती साल गाळताना कामाला येते. ज्वारीची बिअर आफ्रिकेत घरोघरी होते. नायजेरियानं १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरींनी ज्वारीवर लागर करून दाखवली. शाळूला मोड आणताना मात्र सावध राहावं लागतं. कोवळ्या ज्वारीनं गुरं दगावतात त्याचं कारण असलेला सायनाइडचा अंश कोंबांत असतो, म्हणून वाळवल्यावर कोंब आणि मुळं चोळून पूर्ण काढून टाकायची. शिवाय ज्वारीचं पीठ सातूपेक्षा जास्त उष्णतेला शिजतं, म्हणून ती आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते. तासगावच्या बेदाण्यावर यीस्ट वाढवायची कल्पनाही अनेकांना सुचते. पण रंग टिकावा म्हणून ज्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते त्यावर यीस्ट जगत नाही. पाण्यातही असाच भेद. पिल्सेनचं पाणी मऊ होतं म्हणून तिथली बिअर तशी झाली. कोयना-महाबळेश्वरचं जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, सांगलीच्या काळ्या रानातल्या विहिरीचं जड. दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या बिअर होऊ शकतील एवढा हा फरक आहे.

हे पुस्तक आत्ताच का? २००९ मध्ये पुण्यात ‘डुलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर शहरात मायक्रोब्रुअरींचं पेव फुटलं. मधापासून मीड करणारी ‘मूनशाइन’ही पुण्याचीच, आणि २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर आपल्या साताऱ्यात, महाबळेश्वर तालुक्यात. २००१ च्या द्राक्ष धोरणानंतर पलूसला कृष्णा वाइन पार्क झाला, तो नाशिकजवळच्या विंचूरसारखा बहरला नाही. त्याची कारणं अनेक असतील, पण एक मला जवळून दिसतं: द्राक्ष पिकवणाऱ्याला आंबवण्याची विद्या त्याच्या भाषेत कुणी दिली नाही. पुण्यातल्या ब्रुअरींत टाक्या धुणारी, काढा गाळणारी, नोंदी ठेवणारी कितीतरी मुलं सातारा-सांगलीची आहेत. ती वर्षानुवर्षं टाकी धुतात, पण मुख्य ब्रुअर होत नाहीत, कारण पुढची पायरी इंग्रजी पुस्तकात बंद आहे. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-नाचणीच्या भाकरीवर भाषणं झाली, माल्टवर एकही मी ऐकलं नाही.

लेखकानं केलं आहे ते एवढंच आणि इतकं: दुधाची कॅन, काहील, पेव, पंचा, विरजण या ओळखीच्या वस्तूंच्या आधारानं एका अनोळखी विद्येपर्यंत वाट बांधली. अंश, वेळ आणि मापं नेमकी दिली. चुका लपवल्या नाहीत. काही जागी माझं त्याच्याशी पटलं नाही. क्वाइक यीस्टनं उबेत केलेल्या बिअरला तो लागर म्हणायला तयार नाही. मी म्हणते, उन्हाळ्यात राहणाऱ्या माणसाला त्याची लागर मिळायला हवी. तो वाद पुस्तकात तसाच ठेवला आहे.

त्यानं माझ्याकडून एक काम करून घेतलं. सांगलीत वर्षभर पाणी मोजायचं, बोअरचं आणि छतावरच्या टाकीचं. मी बारा महिने वही ठेवली. मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी एकोणचाळीस अंशांवर गेलं, ते मी त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “मॅडम, दुपारचं नको. हिवाळ्यात पहाटे पाचला मोजा, टाकी उघड्यावर आहे.” जानेवारीत शाल घेऊन, बॅटरी घेऊन जिना चढले. तापमापक दोरीनं टाकीत सोडला, मिनिटभर धरला, वर काढला आणि उजेडात पाहिला. सतरा. बोअरपेक्षा दहा अंश खाली, आणि बर्फाचा एक खडा न लागता. तो आकडा मी त्याच पानावर, त्याच पेन्सिलीनं लिहिला, आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तक्त्यात तो तसाच आहे.